कोंबडीखालची बदकं

या, अशा जवळ या. उंबऱ्याच्या आत एक पाय आणि बाहेर एक पाय ठेवून बसलात तर मी काय सांगणार आणि तुम्ही काय ऐकणार? मागच्या खेपेलाही तेच केलंत. चहा अर्धा ठेवलात, ताटातली घावनं तशीच टाकलीत आणि एस.टी.च्या मागे धावलात. आज जरा मांडी घालून बसा. मला एका बाईबद्दल सांगायचं आहे, आणि घाईत सांगितलं तर मी त्यातली माझी बाजू गाळून टाकीन. याआधी एकदोनदा गाळलीही आहे.

तिची ओळख तिच्या हातापासून करून देते. बोलायला तोंड उघडण्याआधी ती उजव्या हाताची बोटं खाली करायची आणि झटकायची. हाताला पाणी असो नसो. मी नवी नवरी म्हणून वाडीत आले त्या दिवशी ती कुंपणापाशी उभी होती. माझ्याकडे बघून तिने बोटं झटकली आणि मग हसली. मला वाटलं, ही मला झटकूनच टाकते आहे. सासूबाई म्हणाल्या, "घाबरू नको. दिवसभर अंड्यांवर पाणी शिंपडते ती, हाताला सवय झालीय."

अंड्यांवर पाणी कशाला शिंपडायचं हे मला कळलं नाही, पण नव्या सुनेने विचारायचं नसतं.

तिचं नाव मी सांगणार नाही. तिची एक गोष्ट मी तिला न विचारता गावापुढे नेली होती. नाव तरी तिच्यापाशीच राहू दे. मी तिला काकी म्हणायची.

आमची वाडी रत्नागिरीच्या खाडीकाठची. स्वातंत्र्य येऊन चारपाच वर्षं झाली होती, एस.टी. नवी होती आणि लोक अजून तिच्यात चढताना चपला काढायचे. आमच्या घराच्या कुंपणापलीकडे काकीचं दोन खणांचं घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे खुराडं, आणि त्याच्यामागे उतरतीवर तळी. माणसं दोनच. ती आणि पोर.

पोर तिची नव्हती. हे पहिल्याच आठवड्यात मला चौघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, जणू काही मी विसरले तर त्यांचं नुकसान होणार होतं. काकीचा नवरा मचव्यावर खलाशी होता. एका वैशाखात, मचवे किनाऱ्यावर ओढायच्या दिवसांत, तो खांद्यावर तीन वर्षांची मुलगी घेऊन आला. म्हणाला, "हिचा बाप आमच्याच मचव्यावर होता. बुडाला. आई आधीच गेलीय." काकीला मूल नव्हतं. तिने पोरीला खांद्यावरून उतरवून घेतलं आणि पेज दिली. एवढाच तो समारंभ. दोन वर्षांनी नवरा मुंबईच्या गोदीत तापाने गेला. तेव्हा वाडीने विचारलं, आता ही परक्याची पोर कशाला? काकीने बोटं झटकली आणि म्हणाली, "ऊब काय विचारते गो, कुणाचा म्हणून?"

हे तिचं नेहमीचं होतं. मांजर चुलीपाशी आलं तरी तेच, पावसात अडकलेला बैराग्याचा मुलगा पडवीत झोपला तरी तेच. "ऊब काय विचारते?" आम्ही मागे तिची नक्कल करायचो. मी तर फार छान करायची.

आता तिचं कसब सांगते. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात एका नाखव्याच्या, म्हणजे मचव्याच्या मालकाच्या, घरी बदकं होती. त्यांची बदकीण अंडी घालायची आणि कुठे घातली ते विसरून जायची. उबवायचं नाव नाही. म्हणून ती अंडी तरीतून, खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, काकीकडे यायची, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी त्यांना, निम्मी हिला. बदकाच्या अंड्यांना अठ्ठावीस दिवस लागतात आणि कोंबडीच्या अंड्यांना एकवीस. काकी खुडूक, म्हणजे उबवायला बसू पाहणारी, कोंबडी बांबूच्या डालग्यात बसवायची, तिच्याखाली आधी बदकाची अंडी ठेवायची, भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची, आणि सात रेघा झाल्या की कोंबडीची अंडी आत सरकवायची. मग सगळी एकाच दिवशी फुटायची.

"वेगवेगळी का नाही बसवत?" मी विचारलं.

"आधी फुटली ती कोंबडीची आणि मागून आली ती बदकाची, असं झालं तर कोंबडी मागच्यांना टोचते. एकदम डोळे उघडले की तिला कळत नाय कोण कुठलं. तिला कळायच्या आत आई होऊन जाते ती."

आणि ते पाणी? बदकीण पोहून येते आणि भिजल्या अंगाने अंड्यांवर बसते, कोंबडी कोरडीठाक. तशी कोरडी ऊब मिळाली तर बदकाच्या अंड्याचं साल आतून चामड्यासारखं होतं आणि पिल्लाला फोडता येत नाही. म्हणून शेवटचे दहा दिवस काकी कोमट पाण्यात बोटं बुडवायची आणि बदकाच्या अंड्यांवर झटकायची. कोंबडी रागाने बघायची. काकी तिला म्हणायची, "बघू नको अशी. तुला जमत नाय तेवढंच मी करतेय."

दुपारी कौलांतून उन्हाचा कवडसा आत यायचा. त्यात एकेक अंडं मुठीत धरून ती बघायची. मला आणि पोरीला दोन्ही बाजूंना बसवायची. आत लाल रेषांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका हलताना दिसायचा. पोर दर वेळी विचारायची, "आये, हे बदक की कोंबडी?"

"बाहेर येऊ दे. मग त्यालाच विचार."

पिल्लं आली की घरात नुसता गोंधळ. कोंबडीची पिल्लं कण्या टिपतात, पाणी घेतलं की मान वर करून गिळतात, सगळं कसं टापटीप. बदकाची पोरं कण्या पाण्यात कालवतात, पाणी कण्यांत कालवतात, आणि दोन्ही मिळून अंगावर घेतात. शेजारच्या पिल्लांच्या छात्या भिजल्या की ती गारठून मरतात. म्हणून काकी बदकांच्या पाण्याच्या थाळीत गोटे भरून ठेवायची. चोच बुडेल, अंग बुडणार नाही. हे तिने मला दाखवलं होतं. लक्षात ठेवा, दाखवलं होतं.

ती मला मास्तरीण म्हणायची. मी शाळेत गेलेली नव्हे. माहेरी दुकानातून पुड्या यायच्या, त्या कागदांवरून अक्षरं गोळा केली, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या जुन्या पुस्तकांतून जोडाक्षरं. वाडीतल्या बायकांत लिहिता येणारी मी एकटी. काकी पोरीला घेऊन आली आणि म्हणाली, "मास्तरीण, हिला शिकव. शाळेत घातलीय, पण गुरुजी पोरांकडे बघतात, पोरींकडे नाय." मग रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पोर "वैनी, वैनी" करत माझ्या पडवीत पाटी घेऊन यायची. माझा भ जरा वेगळा निघतो, पोटाशी गाठ मारल्यासारखा. तिचाही तसाच निघायला लागला. मला त्याचा काय अभिमान.

आता पहिली चूक.

राजापूरला काकीच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. चार दिवस जायचं होतं. डालग्यात आठवड्याभराची पिल्लं होती, सहा कोंबडीची, पाच बदकाची. काकी पोरीला घेऊन एस.टी.त चढताना मला म्हणाली, "कण्या दोनदा. थाळीत गोटे राहू देत. आणि तळीवर नेऊ नको."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खळ्यात बसले होते. बदकाची पोरं त्या गोट्यांच्या थाळीत चोची खुपसून, अंग बुडवायला बघत होती. एकावर एक चढत होती. मला त्यांची फार दया आली. मनात म्हटलं, बदकांचा जन्म आणि गोट्यांच्या थाळीत काढायचा? काकी बाई चांगली, पण कोंबड्या पाळणारी. हिला काय कळणार पाण्यातल्या जीवाचं? मी ओच्यात पाचही घेतली आणि तळीत सोडली.

तुम्ही बघायला हवं होतं. कोणी न शिकवता अशी गेली, जशी काय तिथेच राहत होती. मी काठावर बसून हसले. कोंबडी डालग्यातून ओरडत होती, तिला म्हटलं, गप बस, त्यांच्या घरी गेलीत ती.

थोड्या वेळाने मला वाटलं, ती पाण्यात जरा खाली गेली आहेत. आधी पाठ सगळी वर होती, आता निम्मी. मग नुसत्या माना. काठाकडे यायला बघत होती आणि येता येत नव्हतं. मी लुगड्यासकट आत उतरले. पाचही काढली. चिंधीसारखी झाली होती, पिळली तर पाणी निघेल अशी. चुलीपाशी ठेवली, अंग पुसलं. संध्याकाळपर्यंत चार गेली. एक राहिलं.

काकी दुसऱ्या दिवशी आली. मी सगळं सांगितलं, रडून सांगितलं. तिने मेलेली मी कुठे पुरली ते विचारलं नाही. जिवंत होतं ते तळहातावर घेतलं, त्याच्या पाठीवरून बोट उलटं फिरवलं आणि मला दाखवलं.

"बघ. कोरडं. ह्याच्या अंगाला तेल नाय. बदकीण पोरांना पोटाखाली घेते ना, तेव्हा तिच्या पिसांचं तेल त्यांना लागतं. त्या तेलाने पाणी आत शिरत नाय. कोंबडीकडे कुठलं तेल? हिने ऊब दिली, तेवढीच तिच्यापाशी होती. पिसं येऊ दे, स्वतःचं तेल येऊ दे, मग मीच नेते तळीवर."

"मला वाटलं, बदकाला पोहता येतंच."

"पोहता येतंच गो. पोहून मेली ना."

बस. ह्यावरून तिने पुढे मला कधी टोचलं नाही. रागावली असती तर मी लवकर विसरले असते.

वाचलेलं पिल्लू मादी निघालं. ती एका पायाने जरा लचकायची आणि काकीच्या मागे मागे फिरायची. विहिरीवर, शेतावर, तरीच्या धक्क्यापर्यंत. तिला पिसं आल्यावर काकीने खरंच तिला तळीवर नेलं. कोंबडीही मागे आली आणि काठावरून ओरडत धावायला लागली. काकी तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "येईल गो. ओरडू नको. पोट भरलं की येईल." आणि आली. अंग झटकत वर आली आणि कोंबडीपाशी उभी राहिली, तिच्याहून दुप्पट मोठी झालेली.

तीन वर्षं अशी गेली. पोर दहाची झाली. एकदा अंडी बघताना, पोर शाळेत असताना, काकीने मला सांगितलं, "हिचा चुलता केळशीला असतो. मासे सुकवायचा धंदा. नाव सांगते, ध्यानात ठेव. मी मेले तर लिही त्याला. आधी नको."

"का, आधी का नको?"

"आधी कशाला? आधी मी हाय."

त्याच वर्षी भाद्रपदात काकीला हिवताप धरला. अंग थडथड उडायचं. पोर शाळा सोडून तिच्या उशाशी बसायची, पेज करायची, खुराडं झाडायची. एवढीशी पोर विहिरीवरून कळशी आणताना बघून माझा जीव तुटायचा. सासूबाई म्हणाल्या, "उद्या हिचं बरंवाईट झालं तर पोर कुणाच्या दारात येणार? आपल्याच. तुला लिहिता येतं ना?"

मी तुम्हाला सासूबाईंचं नाव पुढे करून सुटणार नाही. कार्ड मी लिहिलं. आपल्या हाताने, छान ओळी धरून. 'तुमच्या भावाची मुलगी येथे आहे. सांभाळणारी बाई भारी आजारी आहे. लवकर येऊन भेटून जावे.' लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि अक्षर चांगलं आलं म्हणून मला बरं वाटलं. मनात म्हटलं, शेवटी पोर त्यांची. दर्यावर वाढलेलं घर, तिच्या रक्ताची माणसं. काकीने केलं ते पुष्कळ केलं.

ओळखीचं वाटतंय ना तुम्हाला? मला त्या दिवशी वाटलं नाही.

पावसामुळे बंद असलेल्या बोटी सुरू झाल्या आणि चुलता केळशीजवळच्या हर्णै बंदरातून बोटीने आला. तोवर काकीचा ताप उतरला होता. ती खळ्यात उन्हाला पाठ देऊन बसली होती, पोर तिच्या पायाशी कण्या पाखडत होती, मी कुंपणापाशी. माणूस वाईट नव्हता. मिठाने फुटलेल्या टाचा, बोलणं कमी. येताना सुक्या बोंबलांची जुडी आणली होती. ती खाली ठेवून म्हणाला, "माझ्या भावाची पोर न्यायला आलो."

"कुणी सांगितलं तुला?" काकी म्हणाली.

त्याने सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. "हे आलं."

"आमी नाय लिहिलं कुणाला." तिने कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं आणि पोरीकडे दिलं. "वाच गो बाय."

पोरीने बोट ठेवून वाचलं, एकेक शब्द. ती वाचत होती आणि तिची चूक होऊ नये म्हणून इकडे माझे ओठ हलत होते. इतकी मी मूर्ख. वाचून झालं आणि पोर आनंदाने म्हणाली, "आये, हे वैनीचं अक्षर. वैनीचा भ असाच असतो."

काकीने माझ्याकडे बघितलं. बोलण्याआधी बोटं खाली जायची तशी गेली. पण तिने ती झटकली नाहीत. तशीच खाली राहिली.

पुढे गावकी, म्हणजे गावची बैठक, बसली, देवळात. काकीनेच बसवली. तिला वाटलं, एवढी वर्षं गावाने बघितलंय, गाव बोलेल. पुरुष पुढे, आम्ही बायका खांबांमागे. काकी मध्ये उभी आणि ती लचकणारी बदकीण तिच्या मागून पायऱ्या चढून आत आली. लोक हसले. गावकीचा मुख्य, गावकार, म्हणाला, "साक्षीदार आणलास काय?" पुन्हा हसले.

चुलता म्हणाला, रक्त आमचं. काकी म्हणाली, "रक्त तुझं. सात वर्षं पेज कुणाची?"

"पेजेला कोण नाय म्हणतंय? पण बदक कोंबडीखाली निघालं म्हणून कोंबडी होतं काय?" गावकाराने त्या बदकिणीकडे बोट दाखवून विचारलं.

"नाय होत," काकी म्हणाली. "पण म्हणून कोंबडीच्या खुराड्यातून त्याला कुणी हाकलतही नाय."

मग गावकाराने खांबाकडे बघून विचारलं, "कार्ड लिहिणारी सूनबाय हाय काय? तुझं काय म्हणणं? पोर तिकडे बरी राहील म्हणूनच लिहिलंस ना?"

सगळं देऊळ वळलं. काकीही वळली. मला एवढंच म्हणायचं होतं की काकी आता बरी आहे, माझं चुकलं, पोर इथेच राहू दे. चार शब्द. सासूबाईंनी मागून माझा पदर धरला. तसा तो सुटला असता, त्यांनी काही गाठ मारली नव्हती. मी मान खाली घातली. गावकीने ती हो म्हणून धरली.

बोट दुसऱ्या दिवशी होती. सकाळी मी कुंपणापाशी गेले, पण पुढे जायचा धीर झाला नाही. काकीने पोरीला खळ्यात पुढ्यात बसवलं होतं आणि खोबरेल तेलाची बाटली घेतली होती. केसांना तेल लावत होती. वाटीभर घालून झालं, पुन्हा बाटली उलटी केली. तेल कपाळावर आलं, मानेवरून परकरात उतरलं. मग हाताला, मग पायाला, बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या मागे. चुलता म्हणाला, "बाय, पुरे आता. कपडे खराब होतील. बोटीत वास येईल."

 काकी घासून घासून लावत राहिली. पोर हसत होती, तिला गुदगुल्या होत होत्या. तिला वाटत होतं ती बोटीत बसायला चालली आहे. वाडी म्हणाली, म्हातारीचं डोकं फिरलं.  मला एकटीलाच कळत होतं ती काय करते आहे, आणि ते मी कोणाला सांगितलंही नाही.

त्यानंतर काकीने मला मास्तरीण म्हटलं नाही. भांडली नाही, कुंपणावरून मीठ मागितलं तर मीठ दिलं. पण कागद आला की तरीतून खाडीपलीकडे जायची आणि नाखव्याच्या घरच्या मुलाकडून वाचून घ्यायची. माझं दार वाटेवरच होतं.

पोर एकदाच आली. तीन वर्षांनी, चुलत्याबरोबर, मासळी विकायला रत्नागिरीत आले होते तेव्हा. उंच झाली होती. केस उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तांबूस, काथ्यासारखे. हात मिठाने चिरलेले. घरात आली नाही, खळ्याच्या कडेला बसली, पाहुणे बसतात तशी. बदकीण लचकत जवळ गेली, तर तिने पाय आत घेतले.

"बऱ्या आहात ना तुम्ही?" तिने काकीला विचारलं.

काकी आत गेली आणि तीच बाटली घेऊन आली. तळहातावर तेल ओतलं आणि पोरीच्या डोक्याकडे हात नेला. पोरीने मान बाजूला घेतली. "नको. काका थांबलेत." मग उठली, वाकून नमस्कार केला आणि गेली. मी कुंपणापाशी होते. माझ्याकडे तिने बघितलं, पण कसं ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

काकी तशीच उभी राहिली, तळहाताची वाटी करून. ती दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत. मग तिने बाटली उचलली आणि तळहातावरचं तेल परत बाटलीत उतरवलं. एक थेंब खाली पडू दिला नाही. असं मी कधी बघितलं नव्हतं, की कोणी तेल परत भरतंय.

त्या वर्षापासून तिने कोंबडी बसवली नाही. कोंबड्या खुडूक व्हायच्या, त्या काय कुणाला विचारून होतात? डालग्यात जाऊन रिकाम्या पेंढ्यावर बसायच्या. काकी त्यांना उचलून तळीवर न्यायची आणि थंड पाण्यात पोटापर्यंत बुडवून धरायची. दोनतीन दिवस असं केलं की कोंबडीचा खुडूकपणा मोडतो. जगभर हीच रीत आहे, त्यात वाईट काही नाही. पण त्या हातांनी ते करताना बघवायचं नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकी, बसव की एखादी. नाखव्याकडे अंडी आहेत म्हणतात."

ती म्हणाली, "ऊब विचारत नाय. माणसं विचारतात." आणि कोंबडी पाण्यात धरून राहिली.

तिचा शेवट फार लांबला नाही. एका मार्गशीर्षात पुन्हा ताप आला आणि उतरला नाही. मी जायची, पेज द्यायची, ती घ्यायची. एक दिवस म्हणाली, "मास्तरीण, कार्ड हाय काय घरात?"

इतक्या वर्षांनी मास्तरीण. मी धावत जाऊन कार्ड आणलं.

"लिही. बाय, तुझी बदकीण अजून उंबऱ्यात बसते. लवकर येऊन जा."

"आजारी आहे म्हणून लिहू?"

"नको. तसं लिहिलं की कोण येतं ते बघितलंस ना."

मी लिहिलं. माझ्याच हाताने, त्याच केळशीच्या पत्त्यावर. पहिलं कार्ड गेलं होतं तेव्हा बोट सुरू होताच माणूस दारात उभा होता. दुसऱ्या कार्डाचं उत्तर आलं नाही. पोचलं की नाही, पोरीला दिलं की नाही, दिलं तर तिने ते अक्षर ओळखून तसंच ठेवून दिलं, मला माहीत नाही. काकी अकरा दिवस वाट बघून गेली. पुढे दोनचार दिवस बदकीण उंबऱ्यात बसायची, मग कोणी तरी तिला नेलं. मी विचारलं नाही कोणी.

घर पडलं, तळी बुजली, तिथे आता कोणाचं तरी काजूचं कुंपण आहे. डालगं वाळवीने खाल्लं. ती तेलाची बाटली तेवढी मी आणली. तेल केव्हाच खवट झालं, पण ओतलं नाही. खिडकीत आहे बघा, त्या कवडशात. हात लावू नका.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही बसलात. पण हेच मी कागदावरही लिहिलंय, ते दुसरीसाठी. पोरी, तूही आता म्हातारी झाली असशील. तुला वाचता येतं, मीच शिकवलं, आणि माझा भ तू कुठेही ओळखशील. तो ओळखून हे बाजूला टाकू नको. ह्या खेपेला मी न विचारता लिहीत नाही, शेवटचे शब्द काकीने कार्डावर सांगितले तेच. लवकर येऊन जा.